गोत्र वेगळे, नाते नाही, तरी दोघेही एकाच आजाराचे वाहक कसे?

प्रश्न : रामबागकर (इंदूर)

नमस्कार. माझ्या मावसभावाच्या दोन वर्षांच्या मुलाला चयापचयाच्या एका दुर्मिळ विकाराचे निदान झाले आहे. आजार अप्रभावी जनुकामुळे होणारा आहे, म्हणजे आई आणि वडील दोघेही त्याचे वाहक (स्वतः निरोगी, पण जनुकाची एक सदोष प्रत बाळगणारे) आहेत, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "लग्न नात्यातले आहे का?" हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना फार लागला. मुलाची आई सागरची, वडील इंदूरचे, गोत्रे वेगळी. दोन्ही घरांच्या वंशावळी सहा-सात पिढ्यांपर्यंत लिहिलेल्या आहेत आणि त्यांत कोठेही एकमेकांचे नाव नाही. जात मात्र दोघांची एकच आहे, आणि आमच्याकडे लग्ने आजही बहुतेक जातीतच होतात.

मी उच्च माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मेंडेलचे नियम मला ठाऊक आहेत. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते, इथपर्यंत अडचण नाही. अडचण त्याच्या आधीची आहे. आजार इतका दुर्मिळ असताना दोन अनोळखी घरांतली माणसे नेमकी त्याच जनुकाची वाहक कशी निघाली? या निमित्ताने वाचन केले तेव्हा फिनलंड, आइसलंड आणि अमेरिकेतील आमिश समाज यांची उदाहरणे वारंवार समोर आली. इतर लोकांपासून वेगळ्या राहिलेल्या या समाजांत रोगांची जनुके शोधणे सोपे गेले, असे त्यांत म्हटले आहे. परंतु इंदूर हे बेट नाही, दऱ्याखोऱ्यांतले गावही नाही. होळकरांच्या काळात दक्षिणेतून आलेली आमची घराणी पुणे, ग्वाल्हेर, नागपूर, बडोदे अशा सगळीकडे सोयरिकी करत आली आहेत. अशा लोकांना 'विलग' म्हणता येईल का? आणि अशा समाजांच्या अभ्यासाचा लाभ खुद्द त्या समाजाला होतो, की तो केवळ संशोधकांच्या उपयोगाचा असतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : अनुवंश (वडोदरा)

ताई, डॉक्टरांचा प्रश्न चुकीचा नव्हता आणि आपल्या वडीलधाऱ्यांचे उत्तरही खरेच आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

नात्यातले लग्न ही एक गोष्ट आणि मोजक्या पूर्वजांपासून वाढलेला समाज ही दुसरी. चुलत, मामे किंवा आते भावंडांच्या लग्नात आजी-आजोबा एकच असल्यामुळे त्यांच्या अपत्याच्या जनुकसंचाचा सरासरी सोळावा भाग दोन्हीकडून तंतोतंत सारखा येतो. गोत्र आणि सपिंड यांचे नियम अशाच जवळच्या नात्यांना आवर घालतात. त्यांतही गोत्र फक्त पित्याच्या ओळीने मोजले जाते. हिंदू विवाह कायद्यातील सपिंडाची मर्यादा पित्याच्या बाजूने पाच आणि मातेच्या बाजूने तीन पिढ्यांची आहे. परंतु एखाद्या जातीची सुरुवात जर काही शेकडा माणसांपासून झाली असेल, किंवा मधल्या एखाद्या काळात तिची संख्या तितकी घटली असेल आणि नंतर सगळी लग्ने आतल्या आतच होत राहिली असतील, तर तीस-चाळीस पिढ्यांनंतर त्या जातीतली कोणतीही दोन माणसे एका वाटेने नव्हे, तर शेकडो वाटांनी एकमेकांची दूरची नातलग असतात. यातली प्रत्येक वाट इतकी लांबची असते की कोणत्याही वंशावळीत ती दिसत नाही, पण सर्व वाटांची बेरीज नगण्य राहत नाही. मूळच्या त्या थोड्या माणसांपैकी एकाजवळ एखादे सदोष जनुक असेल, तर ते केवळ योगायोगाने पुढच्या लाखो वंशजांत पसरू शकते. याला संस्थापक परिणाम म्हणतात.

म्हणून 'विलग' या शब्दाने समुद्र किंवा डोंगर डोळ्यांपुढे आणण्याची गरज नाही. लोकसंख्या वेगळी पडते ती लग्नांच्या मर्यादेमुळे. एकाच गल्लीत शेजारी राहणारी, एकाच विहिरीचे पाणी पिणारी दोन घरे हजार वर्षे एकमेकांत सोयरीक करत नसतील, तर जनुकीय दृष्टीने ती दोन बेटेच ठरतात. दुसरीकडे, पुणे ते बडोदे अशा शेकडो किलोमीटरांच्या पट्ट्यातून सुना आणल्या, पण त्या सगळ्या एकाच जातीतून आणल्या, तर भौगोलिक अंतराने फारसा फरक पडत नाही. आपण ज्या स्थलांतराचा उल्लेख केला, त्याला इथे महत्त्व कमी आहे. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. तेव्हापासून धरले तर सात-आठ पिढ्या होतात. एवढ्या काळात, आणि बाहेरून सोयरिकी चालू असताना, इंदूरच्या मराठी मंडळींचा स्वतंत्र जनुकीय गट तयार होत नाही. लोकसंख्येचा जो काही संकोच झाला असेल, तो जातीच्या इतिहासात त्याच्या कितीतरी आधी झालेला असणार.

भारताबद्दलचे हे बोलणे केवळ तर्काचे नाही. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र) या संस्थेतील के. थंगराज आणि लालजी सिंग यांनी हार्वर्डच्या डेव्हिड राईक यांच्या गटाबरोबर २००९ साली केलेल्या अभ्यासात अनेक भारतीय गटांमध्ये तीस पिढ्यांहून जुने संस्थापक प्रसंग आढळले. आंध्रमधील वैश्य समाजात तर तो शंभरहून अधिक पिढ्यांमागे गेला. २०१७ साली आलेला पुढचा अभ्यास २६० हून अधिक दक्षिण आशियाई गटांतील २,८०० हून अधिक व्यक्तींचा होता. त्यात जवळच्या नात्यांचा परिणाम वेगळा काढल्यानंतरही ८१ गटांमध्ये फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी (मूळच्या मध्य व पूर्व युरोपातील) ज्यूंपेक्षाही तीव्र संस्थापक परिणाम दिसला. या ८१ पैकी १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांवर आहे. दहा लाख लोकांचा समाज 'लहान' किंवा 'विलग' आहे असे कोणाच्या मनातही येत नाही, म्हणूनच हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. अर्थात सर्व जातींत ही तीव्रता सारखी नाही. पुष्कळ गटांत ती अगदी सौम्य आहे. कोणत्या गटात किती, हे मोजूनच ठरवावे लागते. जातीच्या नावावरून किंवा तिच्या प्रतिष्ठेवरून त्याचा अंदाज करता येत नाही.

आता जनुक शोधण्याविषयी. समजा तीस पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाच्या एका गुणसूत्रावर सदोष जनुक होते. त्याच्यापासून आजच्या रुग्णापर्यंत येताना प्रत्येक पिढीत गुणसूत्रांच्या जोड्यांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते आणि मूळ गुणसूत्राचा पट्टा दोन्ही टोकांकडून झिजत जातो. ज्या भागात ते जनुक आहे, तो भाग मात्र आजार असलेल्या प्रत्येकाजवळ टिकून असतो, नाहीतर त्याला आजार झालाच नसता. तीस पिढ्यांनंतर अशा दोन वंशजांमध्ये सामाईक राहिलेला पट्टा सरासरी तीस लाख डीएनए-अक्षरांच्या आसपास भरतो. संपूर्ण जनुकसंच सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा आहे, म्हणजे शोधाचे क्षेत्र एका झटक्यात हजारावा भाग इतके लहान होते, आणि रुग्णांची संख्या वाढेल तसतसा सर्वांना सामाईक असलेला पट्टा आणखी आखूड होतो. ज्या समाजात तोच आजार दहा ठिकाणी दहा वेगवेगळ्या बिघाडांमुळे होतो, तिथे असा एकच पट्टा सापडत नाही. संशोधकांना अशा लोकसंख्या हव्या असतात त्या यासाठी.

फिनलंडमध्ये हे अतिशय नेमकेपणाने करून दाखवले गेले. डायस्ट्रॉफिक डिस्प्लेझिया नावाचा हाडांचा आणि कूर्चेचा एक आजार तिथे इतर देशांपेक्षा जास्त आढळतो. सामाईक पट्ट्याच्या झिजेवरून संशोधकांनी असा हिशेब मांडला की जनुक एका ज्ञात खुणेपासून सुमारे साठ हजार अक्षरांवर असावे. १९९४ साली ते सापडले तेव्हा प्रत्यक्ष अंतर सत्तर हजारांच्या जवळपास निघाले. सगळा मानवी जनुकसंच वाचून होण्याच्या कितीतरी आधीचे हे काम आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची थोरवी कळते. फिनलंडमध्ये असे चाळीसच्या आसपास दुर्मिळ आजार तुलनेने जास्त आहेत, पण युरोपात इतरत्र सर्रास आढळणारे सिस्टिक फायब्रोसिस आणि फिनिलकीटोन्युरिया तिथे फारच कमी दिसतात. मूळ पूर्वजांजवळ जे होते ते वाढले, जे नव्हते ते आलेच नाही. संस्थापक परिणाम म्हणजे केवळ 'दोष साचणे' ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

एक गोष्ट कळवाल का? मुलाच्या जनुक-तपासणीच्या अहवालात तो बदल 'होमोझायगस' (दोन्हीकडून तोच) आहे की 'कंपाउंड हेटरोझायगस' (दोन्हीकडून वेगवेगळा), हे लिहिलेले असते. आई आणि वडील यांच्याकडून दोन वेगवेगळे बदल आले असतील, तर मी वर लिहिलेले स्पष्टीकरण आपल्या कुटुंबाला लागू पडणार नाही.

उत्तर २ : रक्तपेढी (इंदूर)

अनुवंश सरांच्या विवेचनाला एक महत्त्वाची जोड द्यावीशी वाटते, कारण आमच्या प्रयोगशाळेत हा घोळ रोज दिसतो. एखाद्या समाजात एखादा आजार जास्त आहे म्हणजे तो संस्थापक परिणामामुळेच आहे, असे धरून चालू नये. आपल्या भागातले दोन सर्वांत मोठे जनुकीय आजार सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे आहेत. झाबुआ, आलिराजपूर आणि धार या जिल्ह्यांतील भिल्ल समाजात सिकलसेलचे वाहक जास्त आहेत. इंदूरच्या सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक जास्त आहेत. या दोन्ही आजारांच्या वाहकांना गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळत आले, त्यामुळे मलेरियाच्या प्रदेशांत ही जनुके हजारो वर्षांच्या निवडीने टिकली आणि वाढली. इथे योगायोगाचा वाटा दुय्यम आहे. नेमका बदल कोणता, यात मात्र समाजाचा इतिहास पुन्हा दिसतो: भारतात एकंदर थॅलेसेमियाचा सर्वांत सामान्य बदल वेगळा आहे, तर ६१९ अक्षरे गळून जाण्याचा प्रकार सिंधी कुटुंबांत विशेष सापडतो. आपण सिंधी नाही म्हणून तपासणी नको, असे म्हणणारी मराठी कुटुंबे आमच्याकडे येतात. त्यांनाही लग्नापूर्वी किंवा गर्भारपणाच्या अगदी सुरुवातीला एचपीएलसी (रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी) तपासणी करून घेण्याचा आग्रह आम्ही करतो. त्यात हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या वर आले तर वाहक असण्याची शंका घेतली जाते. एवढ्या साध्या तपासणीने आयुष्यभराचे रक्त चढवणे टळू शकते. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचे उद्दिष्ट चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आहे, आणि आपल्या शेजारच्या जिल्ह्यांसाठी ते फार महत्त्वाचे आहे.

उत्तर ३ : सुयोग मंडळ (इंदूर)

मी अनेक वर्षे वधू-वर सूचक मंडळाचे काम पाहतो. आपण सर्वांनी जे लिहिले ते शास्त्राला धरून असेल, याबद्दल शंका नाही. माझी चिंता वेगळी आहे. एखाद्या जातीचे नाव एखाद्या आजाराशी जोडले गेले, की त्याचा पहिला फटका त्या घरातील मुलींना बसतो. मुलगा वाहक असला तरी बोलणी पुढे जातात आणि मुलगी वाहक असली तर थांबतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. शिवाय समाजाकडून रक्ताचे नमुने घेऊन जाणाऱ्यांनी ते कशासाठी वापरले, हे पुढे कोण पाहणार? अमेरिकेत हवासुपाई या आदिवासी समाजाने १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले आणि त्याचा वापर स्किझोफ्रेनिया व स्थलांतराच्या इतिहासाच्या अभ्यासांसाठीही झाल्याचे त्यांना नंतर समजले. खटला चालला आणि २०१० साली ॲरिझोना राज्य विद्यापीठाला नुकसानभरपाई देऊन नमुने परत करावे लागले. आपल्या मंडळींकडे असे कोणी आले तर आम्ही काय सांगावे?

उत्तर ४ : अनुवंश (वडोदरा)

आपली चिंता रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनी ती आपल्या कामाचाच भाग मानली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. नमुना देताना लेखी संमती मराठीत किंवा हिंदीत असावी. त्यात नमुना कोणत्या अभ्यासासाठी आहे, दुसऱ्या कामाला वापरायचा झाल्यास पुन्हा विचारणार का, आणि आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष निघाल्यास तो देणाऱ्याला कळवणार का, या तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. त्या नसतील तर नकार द्यावा.

मुलींच्या लग्नाबाबत न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू समाजातील उपाय आपल्या मंडळाने अवश्य अभ्यासावा. अश्केनाझी ज्यूंमध्ये टे-सॅक्स हा लहान मुलांचा प्राणघातक मेंदूविकार जास्त होता. तिथेही लग्ने ठरवूनच होतात आणि वाहक म्हणून बोभाटा होण्याची भीती आपल्यासारखीच होती. जोसेफ एक्स्टाइन या धर्मगुरूंनी स्वतःची मुले या आजाराने गमावल्यानंतर १९८३ मध्ये 'दोर येशोरिम' ही व्यवस्था सुरू केली. तरुण-तरुणींची तपासणी होते, पण निकाल कोणालाच सांगितला जात नाही. प्रत्येकाला केवळ एक क्रमांक मिळतो. स्थळ आले की दोन्ही घरे दोन क्रमांक कळवतात आणि जोडी जुळण्यास हरकत आहे की नाही, एवढेच उत्तर येते. ज्याचे स्थळ एका ठिकाणी जुळत नाही, त्याचे दुसरीकडे जुळते, आणि कोणाच्याही नावावर शिक्का बसत नाही. सत्तरच्या दशकापासून चाललेली सर्वसाधारण वाहक-तपासणी आणि ही व्यवस्था यांमुळे अमेरिका व कॅनडातील ज्यू समाजात या आजाराची बालके जन्माला येण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. पत्रिका जुळवण्याची शिस्त असलेल्या आपल्या समाजाला हे अवघड जाऊ नये.

समाजाला लाभ होतो का, या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशातही आहे. मी ज्या वैश्य समाजाचा उल्लेख केला, त्यात ब्युटिरिलकोलिनेस्टरेज या विकराची (एन्झाइमची) कमतरता इतरांपेक्षा सुमारे शंभरपट जास्त आढळते. रोजच्या जगण्यात तिचा काहीच त्रास नसतो. मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिले जाणारे सक्सिनिलकोलीन हे औषध याच विकरामुळे काही मिनिटांत निष्प्रभ होते. विकर नसेल तर रुग्णाचे श्वसनाचे स्नायू तासन्‌तास बंद राहू शकतात. हे ठाऊक असलेला भूलतज्ज्ञ आधीच विचारपूस करतो आणि दुसरे औषध निवडतो. इथे माहितीची किंमत एका प्रश्नाइतकी आहे आणि लाभ जिवाइतका. अगरवाल समाजातील मुलांमध्ये आढळणारा, डोक्याचा आकार वाढवणारा मेंदूच्या श्वेतद्रव्याचा विकारही असाच आहे. मुंबईच्या डॉ. भीमसेन सिंघल यांनी नव्वदच्या दशकात त्याचा बारकाईने अभ्यास केला. पुढे या समाजातील बहुतेक रुग्णांत एमएलसी-१ जनुकातील एकच बदल असल्याचे समजले. बदल एकच असल्यामुळे तपासणी स्वस्त आणि नेमकी होते. एखाद्या मिश्र लोकसंख्येत त्यासाठी संपूर्ण जनुक वाचावे लागले असते.

मधुमेह, रक्तदाब यांसारख्या सर्वसामान्य आजारांबाबत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. त्यांच्यामागे शेकडो जनुके आणि राहणीमान असते. कधीतरी अपवाद सापडतो, जसा २०१४ साली ग्रीनलंडमध्ये टीबीसी१डी४ या जनुकातील बदल सापडला. ज्यांना तो दोन्हीकडून मिळतो, त्यांच्यात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे दहापट होतो. पण आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांखेरीज इतर जगात तो बदल जवळपास आढळतच नाही.

रामबागकर (इंदूर)

सर, आपले मनापासून आभार. अहवाल पुन्हा पाहिला. त्यात बदल 'होमोझायगस' असल्याचे लिहिले आहे, आणि आई-वडिलांच्या तपासणीतही दोघांकडे तोच बदल निघाला. शिवाय चौकशी केल्यावर समजले की आमच्याच जातीतील, आमच्याशी काहीही नाते नसलेल्या उज्जैनच्या एका घरातही याच आजाराचे मूल आहे. आता कुटुंबाने पुढे काय करावे? मावसभावाला एक अविवाहित बहीण आहे, आणि तिच्याबद्दल घरात फार काळजी आहे.

उत्तर ५ : अनुवंश (वडोदरा)

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. उज्जैनच्या कुटुंबात तोच बदल असेल आणि त्याच्या आजूबाजूचा पट्टाही आपल्या मुलाच्या पट्ट्याशी जुळला, तर दोन्हीकडे तो एकाच जुन्या पूर्वजाकडून आला असे म्हणता येईल. बदल तोच पण पट्टा वेगळा निघाला, तर तो स्वतंत्रपणे दोनदा झाला असे मानावे लागेल. त्या कुटुंबाची संमती असेल तरच ही तुलना करावी, आणि ती एखाद्या वैद्यकीय जनुकशास्त्र विभागामार्फत करावी, परस्पर नव्हे.

बहिणीबाबत. आपला मावसभाऊ वाहक आहे, म्हणजे त्याच्या आई-वडिलांपैकी किमान एक जण वाहक असणार, आणि त्याच्या बहिणीला तो बदल मिळण्याची शक्यता साधारण निम्मी आहे. बदल नेमका ठाऊक असल्यामुळे तिच्यासाठी फक्त त्या एकाच जागेची तपासणी पुरेशी आहे. हजारो जनुकांचा महागडा संच करण्याची गरज नाही. ती वाहक निघाली तरी ती स्वतः पूर्णपणे निरोगी आहे आणि राहील. प्रश्न येईल तो फक्त तिचा जोडीदारही त्याच जनुकातील सदोष बदलाचा, हाच किंवा दुसरा, वाहक असेल तर. म्हणून तिच्याबरोबर जोडीदाराची तपासणी व्हावी, आणि तिच्या एकटीच्या निकालाची चर्चा नातेवाइकांत होऊ नये. मुलाच्या आईच्या भावंडांनाही हाच हिशेब लागू आहे.

मुलाच्या आई-वडिलांना पुढचे अपत्य हवे असेल, तर गर्भारपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन त्या एका बदलाची तपासणी करता येते. त्यासाठी मुलाचा मूळ अहवाल, त्यातील जनुकाचे आणि बदलाचे पूर्ण नाव आणि आई-वडिलांचे अहवाल गर्भधारणेपूर्वीच समुपदेशकाला दाखवून ठेवावेत. ऐनवेळी कागद गोळा करण्यात मोलाचे आठवडे जातात. आणि ताई, घरातील वडीलधाऱ्यांना कृपया एवढे जरूर सांगावे की स्थळ पाहताना त्यांच्याकडून काहीही राहून गेले नव्हते. जे कोणत्याही वंशावळीत लिहिलेले नव्हते, ते त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता.